टर्बो कुठला बसवलात? गाडीवाल्यांनो, अनुभव लिहा

अनमोड घाटात भरलेल्या टिपरच्या टर्बोची शिट्टी ऐकली आणि गोव्यातल्या खाणीचे दिवस आठवले. (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा.) जास्त हॉर्सपॉवर हवी तर काय घ्यावं? एकच मोठा टर्बो, लहान-मोठे दोन जोडून, की व्हीजीटी (आत हलणारी पाती असलेला, वेगाप्रमाणे जुळवून घेणारा टर्बो)? माझं मत पक्कं आहे: माल घेऊन चढणाऱ्या गाडीला मोठा एकटा टर्बो नको. त्याचं चाक जड, कमी आरपीएमला फिरायलाच मागत नाही. बूस्ट (दाबलेली हवा) येईपर्यंत नुसता काळा धूर.

डिचोलीवाला: १००%! आमच्या पात्रांवने (मालकाने) मोठा बसवलेला. हायवेला मस्त. खाणीच्या चढावर गिअर बदलला की दम गेला.

सावर्डे: २०१२ ला खाणी बंद पडल्या, २०१८ ला परत बंद. टर्बो कसला, गाडीच विकली बाबांनी. अजून विषय काढत नाहीत.

डिचोलीवाला: @सावर्डे आमच्याकडे पण तेच रे. काकांना सांभाळ. चतुर्थीला येतोस ना?

सावर्डे: येतो. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान मी आणतो.

फिटर_फोंडा: टर्बो कुठलाही घ्या, ऑइलचा पाईप नवा टाका. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो तेलाच्या थरावरच तरंगतो. जुन्या पाईपातली काजळी नवा टर्बो खाते. घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ठेवा. जुना घेताना शाफ्ट हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलला तर घेऊच नका.

वाळपई: आणि एअर फिल्टर!! लाल धूळ पाती खाते.

मडगावकर: दोन जोडले तर मोठा हवा दाबून लहानाला देतो, तो आणखी दाबतो. दाबाचा गुणाकार होतो: दुप्पट गुणिले दुप्पट म्हणजे चौपट. खालूनच ओढ मिळते, धूर कमी. पण हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील), हेड आवळणारे स्टड, इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा) सगळं त्या ताकदीचं लागतं. एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर आधी, टर्बो नंतर.

चोर्ला_लाईन: व्हीजीटी चांगला, उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचं काम पण करतो. पण तासन्‌तास आयडलला ठेवलात तर काजळीने पाती अडकतात.

वाळपई: @फिटर_फोंडा निळा धूर येतोय, टर्बोच गेला का?

फिटर_फोंडा: आधी तेलाचा परतीचा पाईप तुंबलाय का बघ. मग इंटरकूलरचा होज काढ, आत तेल साचलंय का ते कळव.