मदत हवी आहे: आडवं उभं राहायची सवय मोडू की ठेवू? (फुल कॉन्टॅक्ट आणि लो किक)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय ४८. १९९३ ते ९९ नाशकात फुल कॉन्टॅक्ट किकबॉक्सिंग केलं. जुनं, अमेरिकन पद्धतीचं. कंबरेखाली लाथ नाही, गुडघा-कोपर नाही, लांब पँट, पावलांवर फोमचे बूट. उभं राहायचं आडवं, म्हणजे कूस समोरच्याकडे करून. मुलीला (वय १६) लहानपणापासून घरच्या गच्चीवर तेच शिकवलं. जानेवारीत ती एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) जिममध्ये जायला लागली. गेल्या रविवारी स्पारिंगमध्ये तिच्या पुढच्या मांडीवर मोजून तीन लो किक, म्हणजे कंबरेखालच्या लाथा, बसल्या. चौथी यायच्या आत तिनेच हात वर केला. सोमवारी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत जिना उतरत होती. तिथले कोच माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. अगदी अदबीने म्हणाले, "काका, आधी हिचं ते आडवं उभं राहणं विसरायला लावा."

लागलं हो मनाला.

आमच्या सरांचा देव म्हणजे अमेरिकन किकबॉक्सर बिल 'सुपरफूट' वॉलेस. १९६६ मध्ये ज्युदो खेळताना उजवा गुडघा गेला, म्हणून सगळ्या लाथा डाव्या पायाने. गुडघा उचलायची पद्धत एकच, आणि त्यातून साइड किक (बाजूने सरळ), राउंडहाऊस (गोल फिरवून) किंवा हुक (उलट्या अंगाने टाचेची), काय सुटेल ते समोरच्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसला पीकेए या फुल कॉन्टॅक्ट संघटनेची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्यात तो मिडलवेट चॅम्पियन झाला आणि १९८० मध्ये न हरता निवृत्त झाला. आम्ही सहा वर्षं त्याच एका गुडघ्याची नक्कल केली.

सरांनी जी फाइट कधी दाखवली नाही, ती मी परवा यूट्यूबवर पाहिली. १९८८, लास वेगास, आमच्याच पद्धतीचा अमेरिकन रिक रूफस विरुद्ध थायलंडचा चांगपुएक. पहिल्याच फेरीत रूफसने त्याचा जबडा मोडला. आपलाच माणूस जिंकणार असं वाटतं. पण लो किकला परवानगी होती, आणि तो थाई गडी मोडक्या जबड्याने मांडीवर मारत राहिला, मारत राहिला. शेवटी रूफसला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा फक्त रूफसचा पुढचा पाय बघत होतो. अगदी माझ्या मुलीचा पाय.

तर प्रश्न:
आडवा स्टान्स पूर्ण मोडायचा, की साइड किक राखून चेक (लो किक नडगीवर अडवणं) शिकवता येतो?
आणि पुढच्या राज्यस्पर्धेत तिला फुल कॉन्टॅक्टमध्येच उतरवू की के-वनमध्ये (लो किक आणि गुडघाही चालतो तो प्रकार)?

प्रतिसाद: नडगी

काका, कोचचं चुकलं नाही, पण 'विसरा' म्हणणं जरा जास्त झालं. आडवं उभं राहिलं की मांडीची बाहेरची आणि मागची बाजू आयती समोर येते. त्यात भार पुढच्या पायावर असेल तर तो वेळेत उचलताच येत नाही. चेक करायला गुडघा बाहेरच्या अंगाला वळवून नडगी आडवी यावी लागते, त्याला कंबर थोडी उघडी हवी.

मी मुलांना सांगतो, लांब असाल तोवर आडवे, लाथेच्या टप्प्यात आलात की पुढच्या पायाचा अंगठा समोरच्याकडे. एमएमएवाला स्टीफन थॉम्पसन बघायला सांगा तिला. किकबॉक्सिंगमधून यूएफसीत (एमएमएची मोठी अमेरिकन स्पर्धा) आला, आडवा उभा राहूनच वेल्टरवेटच्या दोन टायटल फाइट लढला. पण त्याचं अंतर बघा, नुसत्या लाथा नको.

प्रतिसाद: खडूस

तुमच्या त्या पीकेएला दर फेरीत किमान आठ लाथा मारायचा नियम करावा लागला होता. मोजायला वेगळा माणूस! नाहीतर लोक पँट घालून बॉक्सिंगच करत बसायचे. लाथा मारा म्हणून सक्ती करावी लागते, तिथेच काहीतरी गडबड आहे. आणि वॉलेससाहेब १९९३ च्या पहिल्या यूएफसीत कुठे होते? कॉमेंट्रीला.

(स्टाइल देखणी होती, ते मान्य.)

प्रतिसाद: टेप-पट्टी

खडूस, त्यांनी मदत मागितलीये, भांडण नाही.

काका, थेट के-वनमध्ये नको. वाको या जागतिक किकबॉक्सिंग संघटनेच्या नियमांत रिंगमधले तीन प्रकार आहेत: फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन. मधल्या लो किकमध्ये मांडीवर लाथ चालते, गुडघा चालत नाही. तिला आधी तिथे उतरवा. एकावेळी एकच नवी गोष्ट.

आणि घरात कुणी त्या मांडीला तेल लावून चोळत असेल तर आधी थांबवा. पहिले दोन-तीन दिवस बर्फ आणि आराम, शेक आणि मालिश अजिबात नाही. आत रक्त साकळलेलं असतं, चोळून ते वाढतं, क्वचित स्नायूत हाडासारखी गाठ धरते. गुडघा पूर्ण वाकत नसेल तर डॉक्टरला दाखवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. टेप-पट्टी, आमच्या आईने तिळाचं तेल कोमट करून ठेवलंच होतं. थोडक्यात वाचलो. खडूस, तुमचं खरं आहे म्हणून जास्त झोंबलं.

दोन आठवड्यांनंतरची खबर: मांडी बरी आहे. राज्यस्पर्धेला लो किकमध्येच नाव देतोय. गच्चीवर खडूने रेघ मारली, रेघेपलीकडे आडवं, अलीकडे अंगठा समोर. काल मी हळूहळू लो किक मारत होतो आणि ती चेक करत होती. पाचातल्या तीन तिने नडगीवर घेतल्या. तिसरी घेतली तेव्हा माझा पाय कळवळला. फोमचे बूट घालून सहा वर्षं पावलाच्या पाठीने मारलंय, हाड हाडावर बसतं हे ठाऊकच नव्हतं. आता पाऊल सुजलंय आणि जिना मी कठडा धरून उतरतोय.

नडगीने मारायची सवय ४८ व्या वर्षी लागते का? सुरुवात कशावर करू, वाळूच्या बॅगवर की आधी पॅडवर?