टर्बो डिसमाउंट : बाहुला आपटल्यावर हसावं की नाही?

खटारा_नं_१

मंडळी, या रविवारी घरात वाद झाला. तो इथे आणून टाकतोय, कारण घरात मी एकटा पडलो.

भाचा आला होता. त्याला 'टर्बो डिसमाउंट' लावून दिला. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: हेलसिंकीच्या सीक्रेट एक्झिट या कंपनीचा खेळ, २०१४ पासून स्टीमवर (संगणकावरचे खेळ विकणारं ऑनलाइन दुकान) आहे, मोबाइलवरही मिळतो. मिस्टर डिसमाउंट नावाचा एक बाहुला. तो कुठल्या गाडीवर बसेल, कसा बसेल, वाटेत काय आडवं येईल हे आपण ठरवायचं. मग किती जोर द्यायचा तो द्यायचा आणि हात सोडून बघत बसायचं. गाडी आपटते, बाहुला उडतो, आणि जितका वाईट पडेल तितके जास्त गुण.

साडूभाऊ मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अपघाताचा कसला आलाय खेळ? पोराला काय शिकवतोयस?" सौ. पण त्यांच्याच बाजूने.

माझं म्हणणं असं. हा गाडी चालवायचा खेळ नाहीच, मांडायचा खेळ आहे. दिवाळीत आपण फटाक्यावर नारळाची करवंटी पालथी घालून किती उंच उडते ते बघायचो, तसा. मांडणी आपली, पण पुढे काय होईल ते आपल्या हातात नाही. खरी गंमत तर आपटल्यानंतरची. बाहुला रस्त्यावर निपचित पडतो, आपल्याला वाटतं झालं, आणि मग कुठून तरी एकटा टायर गडगडत येतो आणि सावकाश त्याच्या अंगावरून जातो. त्या टायरला जी वेळ साधता येते ती भल्याभल्या विनोदी नटांना साधत नाही. रक्ताचा थेंब नाही, चेहरा नाही, किंकाळी नाही. लाकडाचा ठोकळा पडल्यावर हसायला कसली लाज?

तुमचं मत सांगा. शिव्या घातल्या तरी चालेल.

गोट्या_कराडकर

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नीरजा_एम

शिव्या नाही, पण असहमत. जरा सविस्तर लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी दुचाकीवरून पडलेले असतात. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. माझं काम त्या दुसऱ्या आकड्याशी.

रक्त नाही म्हणून खेळ निरुपद्रवी, हा मुद्दा मला उलटा वाटतो. रक्त नाही म्हणूनच आपण हसू शकतो. पण आवाजाचं काय? तो कट्कन मोडल्याचा आवाज त्यांनी अगदी मन लावून बनवलाय. वर कुठल्या अवयवाला किती लागलं त्याचे गुण. मांडीचे इतके, मानेचे इतके. माझ्या केसपेपरवर जे असतं तेच, फक्त बेरीज आनंदाची.

आणि एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे गाळलीत. बाहुल्याला चेहरा नाही म्हणता, पण त्याच्या डोक्यावर कुणाचाही फोटो चिकटवता येतो. तुमच्या भाच्याने कुणाचा लावला होता?

खटारा_नं_१

...गणिताच्या सरांचा.

पण नीरजाताई, बाहुला आपटणं हा जगात रीतसर धंदा आहे. गाड्यांच्या धडक-चाचणीत वापरतात तो 'हायब्रिड थ्री' बाहुला जनरल मोटर्सने १९७६ मध्ये बनवला. तेव्हापासून तो आणि त्याची भावंडं भिंतीवर आपटत आली आहेत, म्हणून तुम्ही-आम्ही वाचतो. आपल्याकडेही २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणं, सुरू झालंय. मिस्टर डिसमाउंट त्याच घराण्यातला समजा.

नीरजा_एम

घराणं एक, नोकरी उलटी. तो बाहुला इजेचा आकडा खाली आणण्यासाठी आपटतात, तुमचा वर नेण्यासाठी.

गोट्या_कराडकर

हाणला! खटाराराव, हा चेंडू तुम्ही खेळलाच नाहीत.

सस्पेन्शन_तुटलं

मला नैतिक वगैरे काही पडलेलं नाही. माझी तक्रार साधी आहे: हा खेळ 'फिजिक्सवाला' म्हणून का मिरवतो?

बीमएनजी.ड्राइव्ह हा खेळ बघा. जर्मनीतल्या ब्रेमेनचा. त्यात गाडी म्हणजे शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या. कुठली दांडी किती ताणली, वाकली, तुटली याचं गणित सेकंदाला २००० वेळा होतं. खांबावर चाळीसने धडकलात तर बॉनेट दुमडतं, रेडिएटर फुटतो, इंजिन तापून बंद पडतं. ऐंशीने धडकलात तर वेगळंच काहीतरी. दर वेळी वेगळा चुराडा. तुमच्या टर्बोत गाडी म्हणजे घट्ट ठोकळे. ते वाकत नाहीत, निखळतात. लहान मुलाच्या प्लॅस्टिकच्या ट्रकसारखे.

तासन्तास खेळलोय, अजून कंटाळा नाही. टर्बो डिसमाउंट मला दहा मिनिटं पुरला.

खटारा_नं_१

बीमएनजी थोर आहे, मान्य. पण हसू येतं का? बॉनेट हुबेहूब दुमडलेलं पाहिलं की मला आमच्या नाक्यावरचा डेंटिंग-पेंटिंगवाला आठवतो आणि तो सांगेल तो खर्च. हसायला थोडं खोटं लागतं, साहेब. ठोकळे निखळतात म्हणूनच तर तो टायर सुटून फिरायला जातो!

सस्पेन्शन_तुटलं

टायरवरून तुमचं मन उठायला तयार नाही असं दिसतं.

बाकी नीरजाताईंसाठी: मी खेळतो त्यात स्टीअरिंगमागे कोणी दिसतच नाही. रिकामी गाडी. त्यामुळे अवयव नाहीत, गुण नाहीत, फक्त पत्रा. हे चालेल का?

नीरजा_एम

हे पटण्यासारखं आहे. पत्र्याला प्लास्टर लागत नाही.

एस्पोकर

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी हेलसिंकीच्या शेजारी एस्पोला राहतो. हे आपटाआपटीचे खेळ किती फिनलंडमधून आलेत बघा.

२००२ साली येत्रो लाउहा या फिनिश प्रोग्रॅमरने 'पोर्रासतुर्वात' केला, म्हणजे 'स्टेअर डिसमाउंट'. एक बाहुला जिन्यावर उभा, त्याला ढकलायचं, बस्स. पुढच्या वर्षी ट्रकवाला. टर्बो डिसमाउंट त्याच मुळावर वाढलेला. हेलसिंकीच्याच बगबेअरने २००४ मध्ये 'फ्लॅटआउट' काढला. त्यात ड्रायव्हरला पुढच्या काचेतून भिरकावून उंच उडी, नेमबाजी, बोलिंग खेळायचं. आणि २०१२ चा हिल क्लाइंब रेसिंग? तो औलू शहरातल्या फिंगरसॉफ्टचा.

लाउहा डेमोसीनमधला माणूस. डेमोसीन म्हणजे संगणकावर छोट्याशा प्रोग्रॅममधून काहीतरी अचाट हलवून दाखवायची पोरांची चुरस. माणसाचं शरीर म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या कांड्या, आणि पडताना ते कसं दुमडेल याचं गणित जागच्या जागी करायचं, हे तेव्हा नवलच होतं. त्याआधी बहुतेक खेळांतली माणसं ठरवून दिलेल्या एकाच पद्धतीने पडायची, कुणालाही, कुठेही गोळी लागो. म्हणजे सस्पेन्शनराव, फिजिक्स गाडीत नाही, बाहुल्यात आहे. तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.

आणि साडूभाऊंना सांगा, या देशात लायसन्स काढताना निसरड्यावर गाडी चालवायचं शिकावं लागतं. मला पाण्याने बुळबुळीत केलेल्या ट्रॅकवर नेलं. ब्रेक मारला की गाडी गिरक्या घेते आणि शिकवणारा शेजारी शांत बसून असतो. मी घाबरून हसलो होतो. ते हसू कुठल्या जातीचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोट्या_कराडकर

हिल क्लाइंब!! कराड ते स्वारगेट, एसटीत, अख्खा प्रवास. डोकं आपटून मान मोडली की खेळ खलास. शेजारचे आजोबा दर वेळी "अरेरे" म्हणायचे आणि मग म्हणायचे, "लाव परत."

जुना_जोशी

आता जुन्या माणसाने तोंड उघडायला हरकत नाही.

नीरजाताईंनी रक्ताबद्दल जे म्हटलं तोच घोळ इंग्लंडात १९९७ मध्ये झाला होता. 'कार्मागेडन' नावाचा खेळ आला, त्यात पादचारी चिरडल्याचे गुण. तिथल्या सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं. मग कंपनीने काय करावं? पादचाऱ्यांचे झोंबी केले आणि रक्त हिरवं केलं. चिरडणं तेच, गुण तेच, रंग हिरवा. बोर्ड खूश. जर्मनीत तर माणसांच्या जागी यंत्रमानव आले. पुढे अपिलात मूळ लाल रक्तवाला खेळही सुटला.

त्याही आधी, १९७६ मध्ये, अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचं नाण्यावर चालणारं यंत्र होतं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांची माणसं. गाडीखाली आली की चिरकायची आणि तिथे क्रूस उभा राहायचा. कंपनी म्हणे ती माणसं नाहीत, पिशाच्चं आहेत. त्यावरही देशभर गदारोळ झाला.

म्हणून माझं मत दोघांनाही न आवडणारं आहे. रक्त आहे का, रंग कुठला, हा प्रश्नच बिनकामाचा. कोण आपटतंय ते बघा. कार्मागेडनमध्ये तुम्ही दुसऱ्याला चिरडता. टर्बो डिसमाउंटमध्ये जो गाडीवर बसलाय तोच पडतो. केळ्याच्या सालीवरून दुसऱ्याला पाडणारा आणि स्वतः पडणारा यांत फरक आहे की नाही? मला स्वतः पडणाऱ्यावर हसू येतं, पाडणाऱ्यावर नाही.

नीरजा_एम

जोशीकाका, फरक आहे. पण फोटो लावला की तो फरक संपतो. मग गाडीवर बसलेले गणिताचे सर, आणि जोर देणारं बोट आपलं.

पदार्थविज्ञान_मास्तर

मी शाळेत शिकवतो. गणित नाही, त्यामुळे जीव वाचला.

पोरांना जडत्व शिकवायला फळ्यावर कितीही गाड्या काढा, डोक्यात शिरत नाही. या खेळात मात्र एका फटक्यात दिसतं: गाडी थांबली, वरचा थांबला नाही. एवढं दाखवायला मी तो वर्गात दोनदा लावलाय.

मग वहीत हिशेब. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. त्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण ५ मीटरवरून खाली पडण्याइतकं. वेग दुप्पट करा, ताशी ७२. पोरं म्हणतात १० मीटर. नाही, २० मीटर! चौपट. म्हणजे सातव्या मजल्याच्या आसपास. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, दादा हायवेला ऐंशीने जातो." मी पुढे काही बोललो नाही, फळा पुसला.

पण खेळात एक खोट आहेच. बाहुला सीटवरच बसून राहिला तर मजा कसली? नावच 'डिसमाउंट', म्हणजे खाली उतरणं. सीटबेल्टचा फायदा या खेळात शिकता येणार नाही. तो मला तोंडानेच सांगावा लागला.

सस्पेन्शन_तुटलं

मास्तर, बीमएनजी लावा की वर्गात.

पदार्थविज्ञान_मास्तर

शाळेच्या संगणकावर? तो चालू होईपर्यंत तास संपतो.

खटारा_नं_१

दहा मिनिटांत कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना एवढंच: स्टीमवर लोकांनी स्वतः बनवलेल्या पातळ्या ढिगाने आहेत. आणि एकच मांडणी घेऊन, जोर तसूभर कमी-जास्त करत, एका कोपऱ्यावर मी दोन तास घालवलेत. गुणांसाठी नाही. बाहुला एकदा बसच्या टपावर बसल्यासारखा पडला होता, तसा परत पाडायचा होता. नाहीच पडला.

हां, आणि मोबाइलवर बऱ्याच गाड्या, पातळ्या पैसे मोजून घ्याव्या लागतात, ते मला आवडलेलं नाही. कौतुकाच्या भरात सांगायचं राहिलं.

नीरजा_एम

ओरडताना एकदाही खेळले नव्हते हे मान्य करते. नुसते व्हिडिओ पाहिले होते. काल रात्री उतरवून घेतला. आवाज बंद करून तीन वेळा खेळले.

पहिल्यांदा तो पडला तेव्हा मी आपसूक बघितलं की खांदा कुठल्या बाजूने गेला. सवय. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हसले. पण बाहुल्याला नाही.

खटारा_नं_१

टायर?

नीरजा_एम

टायर.

मत बदललेलं नाही, उगाच नाचू नका. आवाज चालू करून चौथ्यांदा लावला आणि लगेच बंद केला. आणि तो फोटो काढा आधी.

खटारा_नं_१

काढला. भाच्याने आता माझा लावलाय. गुण सरांपेक्षा जास्त पडतात म्हणतो.

गोट्या_कराडकर

साडूभाऊ काय म्हणतात आता?

खटारा_नं_१

"लाव परत."