गावठी मागूर की संकर? बारकोड एक सांगतोय, आजोबा दुसरंच

भीमाकाठ:
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बाजारातून 'गावठी मागूर' म्हणून सहा मासे आणले. आजोबांचा जन्म उजनीत जाळं टाकण्यात गेला. त्यांनी एक उचलून बाजूला ठेवला. "ह्यो आपला न्हवं. टकुरं बघ केवढं." मी सहाही माशांचा बारकोड, म्हणजे जात ओळखायला वापरतात तो सीओआय जनुकाचा डीएनएच्या साडेसहाशे अक्षरांचा तुकडा, वाचून आणला. जेनबँकेत, म्हणजे जगभरच्या डीएनए-नोंदींच्या साठ्यात, टाकल्यावर सगळे मागूरच निघाले, आजोबांचा धरून! वर काही नोंदींवर 'क्लेरियस बॅट्राकस' हे शास्त्रीय नाव लिहिलंय. सर म्हणतात, मागूर लिहून मोकळी हो. पण आजोबांशी पैज लागलीय.

गाळण:
बॅट्राकसचं मनावर घेऊ नकोस. तो लिनियसचा, जावाकडचा मासा. आपला मागूर हॅमिल्टनने १८२२ मध्ये वर्णन केलेला, पण कित्येक वर्षं दोघांना एकच नाव चालत आलं. जेनबँकेत देणाऱ्याने जे नाव दिलं तेच चिकटून राहतं. बोल्ड या बारकोडांच्या संग्रहावर शोध, आणि ज्या नोंदीमागे जपून ठेवलेला नमुना नि फोटो आहे तीच धर.

खवलेनसलेला:
ताई, पैज हरशील बहुतेक. सीओआय पेशीतल्या मायटोकाँड्रियातला, म्हणजे फक्त आईकडून आलेला. मादी मागूर आणि नर आफ्रिकन गॅरीपिनस (क्लेरियसचीच दुसरी जात) असा संकर असला, तर बारकोड आईचंच नाव सांगणार. बाप त्यात दिसतच नाही. थायलंडमध्ये तर मॅक्रोसेफॅलस या तिथल्या जातीची मादी आणि गॅरीपिनसचा नर असा संकर सर्रास पाळतात, त्याचाही बारकोड मॅक्रोसेफॅलसच येतो. गॅरीपिनस पाळायला आपल्याकडे २००० पासून बंदी आहे. 'थाई मांगूर' म्हणून लपूनछपून येतो तो हाच. त्या एका माशाचा केंद्रकातला, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला, एखादा जनुक वाच, आरएजी-१ चालेल. दोन जातींत जिथं अक्षर वेगळं, तिथं आलेखात एकावर एक दोन शिखरं दिसली तर संकर. मासा ठेवलायस ना? फॉर्मॅलिनमध्ये असेल तर अवघड आहे.

भीमाकाठ:
अख्खा मासा फॉर्मॅलिनमध्येच आहे, सरांनीच बुडवला. पण पराचा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये काढून ठेवला होता. सोमवारी आरएजी-१ लावते. उरलेल्या पाचांचं कालवण झालं. सहाव्याचं विचारलं तर आजोबा म्हणाले, तसला मी खात न्हाई.