ऑपरेशननंतर मणक्यातली गादी परत सरकली, पुढे माणूस कसा राहतो?

पिंपळगावकर: नमस्कार मंडळी. मोठ्या भावाचं एल4-एल5 (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) चं मायक्रोडिस्केक्टॉमी, म्हणजे सरकलेल्या गादीचा नसेवर दाबणारा तुकडा काढायचं छोटं ऑपरेशन, 2022 ला नाशकातच झालं, नंतर एकदम मस्त होता, आता द्राक्षांच्या सीझनला क्रेट उचलताना परत तोच डावा पाय, कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कळ आणि एमआरआयमध्ये त्याच जागी गादी बाहेर. एक डॉक्टर म्हणतात तेच छोटं ऑपरेशन परत करू, दुसरे म्हणतात आता स्क्रू टाकून मणके फिक्सच करा. घरात दोन पार्ट्या पडल्यात, आई म्हणते मणक्याला परत हात लावला की माणूस आडवाच होतो. मला पाच-सात वर्षांनी काय अवस्था असते ते हवंय, महिनाभरातलं कौतुक नको.

सातपूर_सीएनसी: भाऊ माझं दुसरं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, स्क्रू नाही टाकले. पायाची कळ गेली ती गेलीच. कंबर मात्र सकाळी आखडते, आधी गरम पाणी मग बूट. एमआयडीसीत नोकरी चालू आहे पण जड पार्ट उचलून मशीनवर चढवायचं काम सोडलं, क्रेन नाहीतर हेल्पर. आईंना सांगा आडवा नाही झालो 😄

फिजिओ_इंदिरानगर: दादा, पहिल्या ऑपरेशननंतर साधारण 100 पैकी 5 ते 15 जणांना तिथंच परत होतं, त्यामुळे भावाच्या बाबतीत काही जगावेगळं घडलेलं नाही. अमेरिकेतल्या स्पोर्ट नावाच्या अभ्यासात 8 वर्षांत ऑपरेशनवाल्यांपैकी साधारण 15 टक्के लोकांना परत ऑपरेशन टेबलवर जावं लागलं, त्यातले निम्म्याहून जास्त गादी परत सरकल्यामुळे. दुसऱ्यांदाही पायाचं दुखणं बहुतेकांचं चांगलं कमी होतं, रिझल्ट पहिल्यापेक्षा किंचित कमी धरा. फक्त आतल्या जुन्या व्रणामुळे नस चिकटलेली असते म्हणून नसेवरचं आवरण फाटायची रिस्क जास्त. स्क्रूचा विचार मणका हलत असेल, पायापेक्षा कंबरच जास्त दुखत असेल किंवा हे पुन्हापुन्हा होत असेल तर करतात, आणि फिक्स केल्यावर वरच्या-खालच्या मणक्यावर लोड येतो हेही विचारून घ्या. एमआरआय कॉन्ट्रास्ट (फोटोत फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केलाय का? साध्यात व्रण कुठला आणि गादी कुठली ते कधीकधी कळत नाही. पायात ताकद असेल तर घाई नको, पुष्कळांचं गोळ्या, इंजेक्शन, व्यायामावर निभावतं. पण पंजा उचलता येत नसेल, लघवी-संडासचा कंट्रोल गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

गंगापूर_रोड: माझ्या मेव्हण्याला स्क्रू टाकलेत, तोही हिंडतोफिरतो. पण खर्च कितीतरी पट, आधी मेडिक्लेमवाल्यांना विचारा.

पिंपळगावकर: ताई, एमआरआय साधाच झालाय, उद्याच विचारतो. पंजा उचलतो व्यवस्थित, कंबरेपेक्षा पायच जास्त दुखतो. शुगर नाही पण सिगारेट आहे, आणि फवारणीला ब्लोअरचा ट्रॅक्टर स्वतःच चालवतो, दुसऱ्याच्या हातात देत नाही.

फिजिओ_इंदिरानगर: सिगारेटने परत सरकायचा चान्स वाढतो आणि स्क्रू टाकले तर हाड जुळायलाही ती नडते, ती आधी बंद. ट्रॅक्टरचे हादरेही कंबरेला वाईटच.

सातपूर_सीएनसी: ड्रायव्हर ठेवा भाऊ, ऑपरेशनपेक्षा स्वस्त पडेल.