१८ स्ट्रेंग्थ म्हणजे बजरंगबली नव्हे

फासेवाला_डोंबिवली
डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या कथाखेळात प्रत्येक पात्राला ताकदीचा (स्ट्रेंग्थ) आकडा असतो, काही जमतं का ते फासा टाकून (रोल) ठरतं आणि खेळ चालवतो तो डीएम. काल इथे एकाने टाकलेलं, "स्ट्रेंग्थ १८ म्हणजे राज्यातला सगळ्यात ताकदवान माणूस, डीएमने त्याच्याकडे दार फोडायला रोल मागणं हा अपमान आहे." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. लोकलमध्ये लटकत वाचलं, मुंब्रा येईपर्यंत डोकं तापलं म्हणून सविस्तरच लिहितो. पाचव्या आवृत्तीत १८ ला फाशाच्या आकड्यावर मिळतात +४ आणि आठवाल्याला -१, म्हणजे फरक पाचाचा आणि फासा वीसचा. दोघांना पंजा लढवायला बसवा, एकेक रोल. चारातून एकदा तो आठवाला काडीपैलवान जिंकतो (१०५ भागिले ४००, वहीत मांडून मोजलंय, हो मला कामधंदा नाही). राज्यातला सगळ्यात ताकदवान माणूस असा हरतो का कधी?

गिरगाव_ग्रॉग
मॉडिफायर (ते +४, -१) बघू नकोस, १८ येतो कसा ते बघ. तीन फासे, तिन्हीवर सहा, २१६ वेळातून एकदा. आमच्या जुन्या एडीअँडडीत (याच खेळाची जुनी आवृत्ती) तर फायटरला (लढवय्या पात्राला) १८ आला की वर टक्क्यांचा रोल असायचा, १८/०० (म्हणजे पूर्ण शंभर टक्के) आला की अख्खं टेबल उभं राहायचं. तुम्हा नवीन पोरांना १८ ची किंमतच नाही.

फासेवाला_डोंबिवली
काका, २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख. भागा २१६ ने. सत्तावन्न हजारांच्या वर माणसं निघतात. पावणेदोन वानखेडे भरतील एवढे "सगळ्यात ताकदवान"! आणि आता कोण तीन फासे टाकतं, चार टाकून लहान काढून टाकतात, मग तर साधारण ६० वेळातून एकदा १८ येतो.

गिरगाव_ग्रॉग
काका कोणाला म्हणतोस. आणि तो कर्व्ह (फाशांचं गणित) हिरोंचा आहे, गावकऱ्यांना लावू नकोस. कॉमनरला (साध्या गावकऱ्याला) सगळीकडे सरसकट १० आहेत पुस्तकात.

फासेवाला_डोंबिवली
अहो मग २१६ तुम्हीच आणलात ना मध्ये!!

लिफ्ट_बंद_आहे
वजनाचा नियम कोणी वाचलाय का. स्ट्रेंग्थ गुणिले १५ पाउंड. १८ वाला १२२ किलो घेऊन आरामात चालतो, म्हणजे घरगुती गॅसचे चार भरलेले सिलेंडर. बरं हे ठीक, हिरो आहे. पण १० वाला साधा माणूसही ६८ किलो, म्हणजे दोन सिलेंडर घेऊन दिवसभर फिरतो आणि दमत नाही. आमच्याकडे सिलेंडरवाला एकच घेऊन तिसऱ्या मजल्यावर येतो तर आधी पाणी मागतो.

बार्डोबा
तुमची स्ट्रेंग्थ सुखी आहे, तिला फक्त रोल मागतात. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. मुद्दाम बार्ड (गाणारं-बोलणारं पात्र) केला, करिश्मा (बोलून छाप पाडायचा आकडा) १८, म्हटलं इथे तरी जरा बोलबच्चन होऊ. पहिल्याच सेशनला राजदरबार. डीएम म्हणे "बोलून दाखव, मग रोल." दोन वाक्यांत अडकलो, पोरं हसली, रोल मिळालाच नाही. त्याच दिवशी आमचा बार्बेरियन (आडदांड पात्र खेळणारा), जो स्टेशनचा जिना चढून धापा टाकत आलेला, "दार फोडतो" एवढंच म्हणाला आणि दार फुटलं.

वरळीचा_डीएम
वाईट वाटलं, पण डीएमचं चूक नाही. नाव रोलप्लेइंग आहे. नुसतं "पटवतो" म्हणून फासाच टाकायचा तर लुडो काय वाईट?

कांदेपोहे_क्लेरिक
लुडो? तुमच्याच टेबलावर सहा महिने काढलेत मी. एकजण करिश्मा ८ ठेवतो, वाचलेले पॉइंट डेक्स्टेरिटीत (चपळाईत) घालतो, आणि मग तोंडाने वकिली करून ड्रॅगनकडूनही सूट आणतो. त्याला कधी रोल मागितलात? ज्याला बोलता येतं त्याला फुकट, ज्याला येत नाही त्याचे १८ पण पाण्यात.

वरळीचा_डीएम
ताई, तो चांगलं खेळतो म्हणून. ज्याला त्याला पर्सनल घ्यायची सवय लागलीये.

कांदेपोहे_क्लेरिक
चांगलं *बोलतो*. खेळतो की नाही ते फाशाला विचारा. आणि ताई नका म्हणू, सेशनला "ए क्लेरिक, हील कर" (जखमा बऱ्या कर) म्हणायचात.

फासेवाला_डोंबिवली
धागा स्ट्रेंग्थचा होता मंडळी

गिरगाव_ग्रॉग
राहू दे रे, इथे जास्त मजा आहे. तुझा पंजावाला हिशोब बरोबर आहे, मीही मोजून बघितला. पण तो नियमाचा दोष, १८ चा नाही. एवढंच मान्य.

वरळीचा_डीएम
बरं बाबा, धन्य तुम्ही. पुढच्या रविवारपासून करिश्मा आठवालाही रोल करेल, बोलला कितीही गोड तरी. आणि बार्डोबा, डायलॉग नको मारूस. पण राजाला काय देऊ करून पटवतोस, तेवढं तरी सांगावं लागेल.

बार्डोबा
ते तेव्हाही सांगितलं होतं. त्याच्या भावाला सोडवून आणतो म्हणालो होतो. "भा" वरच अडकलो.