मदत हवी आहे : मानसोपचारतज्ज्ञांच्या सर्टिफिकेटवर वैद्यकीय रजा घेतलेलं कुणी आहे का?

जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी. सेवाज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडेच.

दिवाळीपासून झोप उडालीय. पहाटे जाग येते आणि डोक्यात पोर्टलं सुरू होतात : यू-डायस (शाळेची सगळी माहिती), अपार आयडी (मुलांचे ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची नोंद. ग्रुपवर 'तात्काळ' असा मेसेज पडला की छातीत धडधडतं. बीपी, थायरॉइड, ईसीजी सगळं नॉर्मल निघालं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्यात आणि महिनाभर रजा घ्या म्हणतात.

शिकवायचा कंटाळा नाही, हे आधीच सांगते, नाहीतर इथे "पगार किती घेता?" सुरू होईल. पहिलीचं लेकरू अडखळत वाचायला लागलं की अजूनही बरं वाटतं. पण सोबतचे सर बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. ते काम निघालं की चारही वर्ग माझ्यावर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. बीएलओ निवडणुकीत बसवतात, आणि पोर्टल तर 'शाळेचंच काम'! मग तक्रार करायची कशाची?

त्यात टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्यांना दोन वर्षांत ती पास व्हायचीय. लेक बारावीला, मी टीईटीला, घरात टेबल एकच.

आता मुद्द्याचं. सर्टिफिकेटवर खरा आजार लिहिला तर केंद्रभर, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांत, चर्चा होईल का? पुढे सेवेत अडचण येते का? मिस्टर म्हणतात, "पाठदुखी लिहून आण." तसं खोटं मला नकोय.

प्रतिसाद (परभणी)

ताई, मी घेतलीय. अर्धपगारी रजा शिल्लक असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रावर परावर्तित रजा मागा. पगार पूर्ण मिळतो, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. माझ्या सेवापुस्तकात रजेचा प्रकार आणि तारखा चढल्या, आजार नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा सर्टिफिकेटवर किती लिहायचं ते त्यांच्याशीच मोकळेपणाने बोला. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागेल. रात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास मोफत, मराठीतही बोलतात.

केंद्रात चर्चा मात्र होते, खोटं कशाला सांगू? माझ्या वेळी झाली, आणि नंतर त्यातल्याच दोघांनी हळूच डॉक्टरांचा नंबर मागितला.

चार्ज देताना आहाराचा साठा मोजून सही घ्या. आणि पोर्टलांवरचा मोबाइल नंबर आधी बदला, नाहीतर रजेतही ओटीपीसाठी फोन तुम्हालाच येतील.