समुपदेशन, सल्ला आणि उपदेश : अर्थ, वापर आणि पहिल्या भेटीची तयारी

प्रश्न – अमळनेरहून

माझा भाचा जळगावला महाविद्यालयात शिकतो. काही महिन्यांपासून त्याची झोप उडाली आहे आणि तो वर्गात जाणे टाळतो, म्हणून त्याच्या प्राध्यापकांनी घरच्यांना ‘समुपदेशन घ्या’ असे सुचवले. ते ऐकून माझी मोठी बहीण म्हणाली, “उपदेश तर आम्ही रोजच करतो, त्यासाठी पैसे मोजून परक्याकडे कशाला जायचे?” चौकशी करताना एका पाटीवर ‘समूपदेशन’, दुसरीवर ‘समुपदेशन’, तिसरीवर ‘मानसोपचार व सल्ला केंद्र’ असे लिहिलेले दिसले. यांतले शुद्ध रूप कोणते, या शब्दाचे उपदेशाशी नाते किती, आणि पाट्यांवरच्या पदनामांवरून योग्य व्यक्ती निवडता येते का, हे जाणकारांनी सांगावे. पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

उत्तर – निवृत्त मराठी शिक्षक, चोपडा

ताई, ‘समुपदेशन’ हेच रूप शुद्ध आहे. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘उपदेशन’ यांची संधी होताना म् मध्ये उ मिसळून ‘मु’ होतो, जसा तो समुदाय आणि समुच्चय या शब्दांत होतो. ‘गुरु’ आणि ‘उपदेश’ यांचा ‘गुरूपदेश’ होतो तो दोन उकार एकत्र आल्यामुळे. त्याच्या धर्तीवर पाटी रंगवणारा ‘समूपदेशन’ लिहीत असावा. काही प्रशिक्षणांत ‘सम म्हणजे समान, म्हणून समान पातळीवरून केलेला उपदेश’ अशी व्युत्पत्ती सांगतात. ती ऐकायला गोड असली तरी व्याकरणात टिकत नाही, कारण ‘सम’ आणि ‘उपदेश’ यांचा संधी ‘समोपदेश’ असा झाला असता.

मात्र आपल्या भगिनींची शंका मला मुळीच भाबडी वाटत नाही. ‘पोलिसांनी मुलांचे समुपदेशन करून त्यांना पालकांच्या ताब्यात दिले’ अशा धाटणीची वाक्ये आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ सरळसरळ ‘समज देणे’ असा असतो. क्रियापदही पाहावे. सल्ला देतात आणि तो घ्यायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर राहते. उपदेश करतात आणि समुपदेशनही ‘करतात’, म्हणजे ज्याचे करायचे तो माणूस वाक्यात नुसता बसून राहतो. प्राध्यापकांनी ‘समुपदेशन घ्या’ म्हटले ते त्या मानाने बरे, कारण घेणारा निदान काहीतरी करतो आहे.

उत्तर – धुळ्याहून

सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. रावेरपलीकडे मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे गेलात की पाट्यांवर ‘परामर्श केंद्र’ दिसते आणि आपल्याकडचे काही लोक हा शब्द मराठीतही आणावा म्हणतात. परंतु मराठीत ‘एखाद्या विषयाचा परामर्श घेणे’ म्हणजे त्याचा साधकबाधक विचार करणे, आढावा घेणे. हिंदीतला ‘सल्ला’ हा अर्थ त्यावर चढवला तर दोन्ही अर्थ पुसट होतील. आपला ‘सल्ला’ अरबी-फारसीच्या वाटेने आला असला तरी घरोघरी कळतो, आणि वकिलापासून शेतीच्या जाणकारापर्यंत सगळेच सल्ला देत असल्यामुळे तो शब्द अपुरा पडतो, एवढीच त्याची अडचण आहे.

शिवाय आजच्या विद्यार्थ्याला ‘काउन्सेलिंग’ म्हटले की प्रवेशाच्या फेऱ्या आठवतात, हे भाच्याशी बोलताना ध्यानात ठेवावे.

उत्तर – समुपदेशक, जळगाव

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून शब्दांच्या बाजूने सुरुवात करून निवडीकडे येते. ‘समुपदेशन’ ही पाटी आपल्या जिल्ह्यांत निरनिराळ्या कामांसाठी लागते. सरकारी रुग्णालयातील ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ हे एचआयव्हीच्या चाचणीसाठी असते. कौटुंबिक न्यायालयांना १९८४ च्या कायद्याने जे समुपदेशक मिळाले, त्यांच्यापुढे पती-पत्नींच्या वादात समेट होतो का हे पाहण्याचे काम असते. आपल्या भाच्याला हवे आहे ते तिसरेच. त्यामुळे रुग्णालयात ‘समुपदेशन कुठे?’ असे नुसते विचारल्यास भलत्याच खोलीकडे बोट दाखवले जाण्याचा संभव असतो. ‘मनोविकार विभाग कुठे?’ असे विचारून केसपेपर काढावा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, हे खर्चाची चिंता असणाऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावे.

पदनामांबाबत सर्वांत मोठा घोळ ‘मानसोपचारतज्ज्ञ’ या शब्दाने घातला आहे. व्यवहारात तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरसाठी वापरतात, म्हणजे वैद्यकीय पदवी आणि त्यापुढे मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या, औषध लिहून देऊ शकणाऱ्या व्यक्तीसाठी. पण बोलून उपचार करणारे काहीजणही तोच शब्द स्वतःला लावतात. डॉक्टर असल्यास महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता तपासणी करून बोलून उपचार करणारा तज्ज्ञ) असल्यास १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असते. नुसत्या ‘समुपदेशक’ या शब्दामागे मात्र दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असू शकते आणि शनिवार-रविवारचा प्रमाणपत्र वर्गही असू शकतो. म्हणून फोनवरच विचारावे की आपले शिक्षण काय, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, या वयाच्या मुलांसोबत काम करता का, शुल्क किती, आणि गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तीन भेटींत हमखास बरे करतो’ म्हणणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

पहिल्या भेटीत सहसा उपाय सांगितला जात नाही, माहिती घेतली जाते, आणि खासगी ठिकाणी त्याला पाऊण तास ते तासभर लागतो. त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, पूर्वी काही उपचार झाले का, घरात कोणाला असा त्रास होता का, व्यसन आहे का, जीव नकोसा वाटतो का, हे सारे विचारले जाते. शेवटच्या प्रश्नाने घरचे दचकतात, परंतु तो विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही. चालू औषधांची नावे आणि जुने कागद सोबत न्यावेत. थायरॉइडची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी झाली असेल तर तो अहवालही न्यावा, कारण त्यांतील बिघाडानेही मन खचल्यासारखे होते.

इथे पुन्हा एक शब्द आडवा येतो. दवाखान्यात ‘काय तक्रार आहे?’ असे विचारण्याची रीत आहे आणि एका आईने त्यावर ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असे हात जोडून सांगितले होते. तेव्हापासून मी ‘कशाचा त्रास होतो?’ असे विचारते. तुम्हीही आजाराचे नाव घेऊन जाऊ नका. ‘मला डिप्रेशन आहे’ यापेक्षा ‘पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, पुस्तक उघडले की छाती धडधडते’ हे सांगणे आम्हाला अधिक उपयोगी पडते. आदल्या दिवशी भाच्याने स्वतःच्या शब्दांत असे पाच-सहा प्रसंग कागदावर लिहून ठेवावेत.

पुन्हा प्रश्नकर्ती

मॅडम, भाचा एकोणीस वर्षांचा आहे. बहीण म्हणते, मी आत बसणारच, कारण तो परक्यापुढे तोंड उघडणार नाही. तिथे जे बोलणे होईल ते गुप्त राहते का?

उत्तर – समुपदेशक, जळगाव

तुमच्या भगिनींनी सोबत अवश्य यावे. सुरुवातीला किंवा शेवटी त्यांच्याशी बोलणे होईल, परंतु मधला वेळ त्याचा एकट्याचा असावा, आणि तो सज्ञान असल्यामुळे त्यांनी आत बसावे की नाही हेही त्यालाच विचारले जाईल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केलेला आहे आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांवर तो बंधनकारक आहे. अशी नोंदणी नसलेल्या समुपदेशकाच्या बाबतीत मात्र ते त्याच्या व्यावसायिक नीतीवर बरेचसे अवलंबून राहते, म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. ‘गुप्त’ म्हणजे निरपवाद गुप्त असेही नाही. जिवाला धोका दिसला तर घरच्यांना सांगावे लागते, न्यायालयाने मागितले तर माहिती द्यावी लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. हे अपवाद आरंभीच सांगणारा समुपदेशक विश्वासार्ह समजावा.

उत्तर – निवृत्त मराठी शिक्षक, चोपडा

मॅडमनी ‘भेट’ म्हटले, ते आवडले. ‘सत्र’ हा शब्द यज्ञापासून सुरू होऊन विधिमंडळ, परीक्षा आणि सत्र न्यायालय एवढ्या ठिकाणी फिरून आलेला आहे; खेड्यातल्या माणसाला ‘पहिल्या सत्राला या’ असे कळवले तर त्याला वकील आठवायचा. ‘सिटिंग’ दातांच्या दवाखान्यातून रुळला आहे, आणि ‘बैठक’ म्हटली की आपल्याकडे देण्याघेण्याची बोलणी डोळ्यांपुढे येतात.

उत्तर – शहाद्याहून

भाषेचा मुद्दा राहून गेला. आमच्याकडे पावरी आणि भिली बोलणारी मुले आहेत, अमळनेरकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली. प्रमाण मराठीत ‘मला अस्वस्थ वाटते’ हे वाक्य जमवता जमवता मुलाचा निम्मा वेळ जातो. तेच ‘मना जीव घाबरस’ म्हणायला क्षणही लागत नाही. म्हणून शुल्क विचारताना ‘आमची बोली कळते का?’ हेही विचारावे. कळत नसेल तर दुभाषी शोधावा, पण आई-वडिलांना दुभाषी करू नये, कारण त्यांच्याविषयीची वाक्ये तिथेच गळून पडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून जिल्ह्याच्या गावी येणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतही बोलता येते. ताई, भेटीची तारीख लांबची मिळाली आणि मधल्या काळात भाचा जिवाचे काही बोलू लागला, तर तारखेची वाट न पाहता याच क्रमांकावर फोन करावा किंवा त्याला थेट रुग्णालयात न्यावे.